उगाच काही होत नाही

माझ्यासमोर कोणी 'उगाच' म्हणालं, की अजूनही मी मागे वळून पाहतो. झाडेबाई ऐकत तर नाहीत ना, अशी भीती वाटते.

सिंदीच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि सुमन झाडे गणित. मी नोकरीला लागलो ते त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मी सहज बोलून गेलो, "आज उगाच डोकं दुखतंय." समोर बाई वह्या तपासत होत्या. मान वरही न करता म्हणाल्या, "उगाच नाई दुखत सर. चष्म्याचा नंबर वाढला असन. जाऊन पाहा." ओळख ना पाळख, आणि हा उपदेश! मला रागच आला. नंबर वाढलेला निघाला तेव्हा तर जास्तच आला.

बाई उंच, हाडकुळ्या, चालताना पुढे झुकलेल्या. वारा समोरून असो की मागून, त्यांची चाल वाऱ्याशी भांडल्यासारखीच. केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात खोचलेला खडू. केळझरकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांनी लग्न का केलं नाही याची गावात चार-पाच कारणं फिरत होती, त्यातलं एकही त्यांनी स्वतः सांगितलेलं नव्हतं. वर्गात त्या खणखणीत वऱ्हाडीत शिकवत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी टोकलं, "बाई, प्रमाण भाषेत शिकवा." बाई म्हणाल्या, "साहेब, त्रिकोणाले काई फरक पडत नाई. कोन तितकेच भरतेत." साहेब गेल्यावर आम्ही खोलीत जाऊन पोटभर हसलो.

एक मुलगी होती. घटक चाचणीत दर वेळी नापास, वार्षिक परीक्षेत मात्र वर्गात पहिली. हेडसर म्हणाले, "लहरी आहे, उगाच करते." बाईंनी ते ऐकलं आणि त्यांचं जेवणच गेलं. दोन-तीन आठवडे त्या मुलीची पाठ धरून बसल्या. मग कळलं की चाचण्या नेमक्या बाजाराच्या दिवशी असतात आणि त्या दिवशी ही पोर पहाटेपासून आईबरोबर भाजी वाहते. बाईंनी चाचणीचा वार बदलायला सांगितला. हेडसर म्हणाले, वेळापत्रक बदलता येत नाही. बाईंनी वेळापत्रक बदललं नाही, फक्त स्वतःची चाचणी दुसऱ्या दिवशी घेतली. जाब विचारल्यावर म्हणाल्या, "मी गनित तपासून राह्यली होती सर, झोप नाई." असं बोलायची त्यांना सवय होती आणि ऐकून घ्यायची हेडसरांना नव्हती. दोघांचं कधी जमलं नाही.

'उगाच म्हणणारा मानूस आळशी असते,' हे बाईंचं ठरलेलं वाक्य. नशीब, नजर, लहर, योगायोग हे सगळे शब्द त्यांच्या लेखी एकाच लायकीचे. मला म्हणायच्या, "मराठीवाले, हा शब्द तुमच्या लोकांनीच पोसला." माझा बचाव त्यांनी कधी पुरता ऐकून घेतला नाही.

या बाईंच्या घरी सत्त्याऐंशी साली संगणक आला.

त्यांच्या भावाने नागपुरात टायपिंगच्या जोडीला संगणकाचे वर्ग काढले होते. ते चालले नाहीत. त्यातला एक संगणक बाई पावसाळ्यात घरी घेऊन आल्या. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, खाली पत्र्याची पेटी. सोबत त्याचा गालिचाही आला, गर्द निळा, नायलॉनचा. तेव्हा संगणक म्हणजे देवच होता. चपला बाहेर काढायच्या, खिडक्यांना पडदे लावायचे, खाली गालिचा अंथरायचा. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर जाताना बजावून गेला, "मॅडम, गालिचा निकालना मत. धूल से बचाना है." बाईंनी मान हलवली. त्यांच्या आयुष्यात विचार न करता हलवलेली ती बहुधा एकच मान.

शाळा सुटल्यावर नववी-दहावीच्या पोरी बाईंच्या घरी जमू लागल्या. गावात त्याआधी कोणी संगणक पाहिला नव्हता आणि पाहणार तर पोरं पाहतील अशी सगळ्यांची समजूत होती. बाईंनी मुद्दाम फक्त पोरी घेतल्या. "पोट्ट्याईले कोनी ना कोनी दाखवनच," त्या म्हणायच्या, "हिले कोन दाखवते?" 'हिले' म्हणताना त्यांचं बोट बहुतेक वेळा मंदाकडे असायचं. मंदाचे वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस मोजायला काट्यावर होते. पोरगी अबोल, पण बोटं अशी चालायची की बाई शिकवायचं सोडून बघत राहायच्या. तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता. जन्मतारीख दिली की तो वार सांगायचा.

पावसाळाभर सगळं सुरळीत चाललं. दिवाळी सरली, थंडी पडली आणि यंत्र बंद पडायला लागलं.

बंद म्हणजे कसं? चालता चालता अक्षरं जागच्या जागी थिजायची. बटणं दाबा, हाका मारा, काही उपयोग नाही. बंद करून पुन्हा चालू केलं की ठीक. कधी दिवसभर काही नाही, कधी एका तासात दोन-तीनदा. पोरींनी लिहिलेलं सगळं पुसून जायचं आणि मंदा ओठ चावत पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायची.

गावाकडे उत्तरं तयारच होती. कोणी म्हणालं, जिनिंगची रुई आत गेली. बाईंनी पेटी उघडून पाहिली, रुई नव्हती. कोणी म्हणालं, विजेचा दाब कमी-जास्त होतो. त्यावरचं उपकरणही बसवून झालं, फरक नाही. शेजारणीने लिंबू-मिरची बांधली. बाईंनी लिंबाचं सरबत करून तिलाच पाजलं. केळझरच्या गणपतीला नारळ वाहा, असंही कोणी सुचवलं. "हाव, जातो," बाई म्हणाल्या, "गनपतीले नमस्कार करीन. पन वायरिंगचं काम त्याले नाई सांगनार." खरोखरच गेल्या, नमस्कार करून आल्या आणि पुन्हा पेटी उघडून बसल्या.

इंजिनिअर दोनदा येऊन गेला. तो बसला की यंत्र शहाण्यासारखं चालायचं. दुसऱ्यांदा आला तेव्हा माझ्यादेखत म्हणाला, "मॅडम, बुरा मत मानना. जेन्ट्स के हाथ में मशीन बराबर चलती है. लेडीज लोग छेड़ते हैं, तभी बंद होती है." मी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. आता याला गालिच्यात गुंडाळून बाहेर टाकणार असं वाटलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "पावसाळ्यात आम्ही बायका नव्हतो का?" तो हत्यारं आवरून निघाला. बाई मात्र त्या प्रश्नाला धरून बसल्या.

इंजिनिअरचं वाक्य जिनिंगपर्यंत पोचायला किती वेळ लागणार? जिनिंगचे मालक हेच आमच्या शाळेचे अध्यक्ष. पोरींनी गृहविज्ञान घ्यावं आणि गणित पोरांवर सोडावं, हे त्यांचं जुनं मत. ते चारचौघांत बोलले, "यंत्रालेच समजते, कोनाचं काम हाय ते." मंदाच्या वडिलांनी ते ऐकलं. हिंगणघाटकडचं एक स्थळ आलेलंच होतं. ते बाईंकडे आले आणि उभ्यानेच म्हणाले, "बाई, तुमच्या घरी पाठवनं आता बंद. लोक हासून राह्यले. शायेत वर्ग भरला त पाठवीन, नाई त हे स्थळ पाहून घेतो."

बाई तडक अध्यक्षांकडे गेल्या. शाळेतली एक खोली द्या, म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाले, "शायेच्या वार्षिक संमेलनात सगळ्यांपुढं चालवून दाखवा. चाललं त खोली. बंद पडलं त हा नाद सोडाचा, मंजूर?" बाई म्हणाल्या, "मंजूर." मी सोबत होतो. बाहेर पडल्यावर म्हणालो, "बाई, कारण सापडलं नसताना कबूल कसं केलंत?" तर म्हणाल्या, "कारन हाय न. सापडन."

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. मी सुती पायजमा आणि बंडीवर, तसाच गेलो. "बसा सर, काईबी टाईप करा." मी ए पासून झेडपर्यंत टाईप केलं, पुन्हा केलं, उठलो, फिरलो, पुन्हा बसलो. यंत्र चालूच. बाईंनी कपाटातून एक नायलॉनची साडी काढली, पोपटी, मोठ्या फुलांची. "आता हे गुंडाळा."

"काय?"

"साडी. गुंडाळा अन् गालिच्यावर पाय घासत फिरा."

मी पदवीधर, दोन मुलांचा बाप, भरदुपारी पोपटी साडी कमरेला गुंडाळून त्या खोलीत चकरा मारू लागलो. साडी चरचर आवाज करत पायाला चिकटत होती. "आता लावा हात," बाई म्हणाल्या. मी बोट पुढे केलं. चट् असा आवाज झाला, बोटाला मुंगी डसल्यासारखं झालं आणि पडद्यावरची अक्षरं थिजली.

बाईंनी टाळी वाजवली. मी त्यांना टाळी वाजवताना एवढं एकदाच पाहिलं. "पाहा मराठीवाले! तुम्ही बाई आहा का?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. दोरीवरची साडी काढताना त्यांना झटका बसला होता आणि तिथून त्यांनी धागा पकडला. कोरड्या थंडीत नायलॉन अंगाला आणि पायांना घासलं की अंगात वीज साठते आणि ती पहिल्या लोखंडी वस्तूत उतरते. पावसाळ्यात हवा ओली, म्हणून तेव्हा काही होत नव्हतं. इंजिनिअर बूट काढून आत यायचा, खुर्चीत बसायचा तो उठायचाच नाही आणि अंगात सुती कपडे. बाई आणि पोरी नायलॉनमध्ये, दर पाच मिनिटांनी गालिच्यावर ये-जा. ज्या गालिच्याने यंत्र सांभाळायचं, तोच त्याच्या मुळावर आला होता. दाराशी दूधवाला उभा होता, हे आम्हाला साडी सोडताना दिसलं. पुढे आठवडाभर गावात माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. बायकोने विचारलं तेव्हा मी म्हणालो, शास्त्रासाठी केलं. ती अजून हसते.

"मग गालिचा काढून टाका," मी म्हणालो.

"घरचा काढला," बाई म्हणाल्या. "संमेलनात राहू द्या. अन् सर, अध्यक्षसाहेबांचा सत्कार ठेवाचा. शाल द्याची. शाल मी आनतो."

बाई आणि सत्कार! सत्कार सुरू झाला की बाई मंडपाबाहेर जाऊन उभ्या राहत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

संमेलनाच्या दिवशी व्यासपीठावर टेबल, टेबलावर संगणक आणि खाली तो निळा गालिचा. आधी सत्कार झाला. हेडसरांनी अध्यक्षांच्या खांद्यावर शाल घातली, तांबडी, चमकदार, केसाळ. दुकानदाराने ती लोकरीची म्हणून विकली असती, पण बाईंनी शोधून नायलॉनचीच आणली होती. हार झाले, नारळ झाला. मग बाई माईकवर म्हणाल्या, "आता अध्यक्षसाहेबांनी गालिच्यावर यावं अन् पहिलं बटन आपल्या हातानं दाबावं." अध्यक्ष शाल सावरत, लोकांना नमस्कार करत, पाय ओढत आले. बोट पुढे केलं.

चट्!

पहिल्या रांगेत ऐकू आला तो आवाज. अध्यक्षांनी हात झटकला. पडदा थिजला.

"पाहून घ्या सगळे," बाईंचा आवाज कर्ण्यातून पार बाजारापर्यंत गेला असेल, "गडीमानसाच्या हातानंबी बंद पडते."

हसू फुटायला दोन क्षण लागले, पण फुटलं ते थांबेना. अध्यक्ष लाल झाले. बोट चोळत म्हणाले, "मले झटका काऊन बसला?" इथे बाईंनी थट्टा केली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी त्यांना सगळं नीट, आदराने समजावून सांगितलं. शाल, गालिचा, थंडी, काही वगळलं नाही. मग पोरींनी गालिचा गुंडाळला आणि फरशी ओल्या फडक्याने पुसली. मंदा आईच्या सुती साडीत होती. ती मंडपाच्या कडेच्या नळाशी गेली. जमिनीतून वर आलेल्या लोखंडी नळाला तिने हात लावला, अंगातली वीज तिथेच सोडली आणि ओल्या पायांनी येऊन बसली. यंत्र पुन्हा चालू केलं. "जन्मतारीख सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

संचालक मंडळातले पहिले गृहस्थ म्हणाले, "एक जुलै." दुसरे म्हणाले, "एक जुलै." तिसऱ्यांचीही एक जुलै. मास्तरांनी शाळेत नाव घालताना ज्याला त्याला चिकटवलेली ती तारीख. वर्षं तेवढी वेगळी. मंदा न हसता प्रत्येकाचा वार सांगत गेली आणि मंडप लोळत राहिला. यंत्र शेवटपर्यंत बंद पडलं नाही.

खोली मिळाली. स्थळाला मंदाच्या वडिलांनी दोन दिवसांत नकार कळवून टाकला. दीड वर्ष रोज संध्याकाळी पोरी नळाला हात लावून त्या खोलीत जात. येणाराजाणारा समजे, पूजेला बसायचं म्हणून हातपाय धुतायत.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी शाळेला सरकारी योजनेतून दोन नवे संगणक मिळाले. बाईंचा स्वतःचा तोवर खिळखिळा झाला होता आणि तो त्यांच्यासोबत घरी जाणारच होता. नव्यांसाठी खोली सजली. पडदे लागले, कुलूप लागलं आणि नवा, लाल गालिचा आला. थंडीत ते थिजले. मग हुकूम निघाला की यंत्रं सरकारी आहेत, मुलींनी खिडकीतून पाहावं, आत मुलांनी बसावं. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांदेखत सिद्ध झालेली गोष्ट माणसं इतक्या बिनघोर विसरतात, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मला चीड आली. बाईंनी हेडसरांना दोनदा सांगितलं, गालिचा काढा. हेडसर म्हणाले, पाहू.

निरोप समारंभ पटांगणातल्या कडुलिंबाखाली होता. भाषणं झाली. मीही बोललो आणि फार वाईट बोललो. हेडसरांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली. बाईंनी ती चिमटीत धरून पाहिली. "नायलॉन," त्या म्हणाल्या आणि शाल माझ्या हातात दिली. मग खुर्चीतून उठल्या आणि भाषण करायच्या ऐवजी सरळ संगणकाच्या खोलीकडे चालू लागल्या. शिपायाने किल्ली दिली. त्याची पोरगी आठवीत होती.

थोड्या वेळाने त्या दारात दिसल्या, पाठमोऱ्या. गालिच्याचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं मंदाच्या. मंदा तेव्हा अकरावीत होती आणि खास निरोपाला आली होती. दोघींनी तो लाल गालिचा पायऱ्यांवरून ओढत खाली आणला, धूळ उडवत भर पटांगणातून आणला आणि पाहुण्यांसमोर लिंबाखाली अंथरला. बाईंच्या अंबाड्यात खडू होता.

"बसा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "हा बसाच्याच कामाचा हाय." मग पोरींकडे वळल्या, "चाला व, नळाले हात लावा अन् आत जा."

आधी मंदा गेली. मग एकेक करून नळाशी रांग लागली. अध्यक्ष पुढच्याच खुर्चीत होते. ते काहीतरी बोलणार असं मला वाटलं, पण त्यांचं लक्ष स्वतःच्या बोटाकडे होतं.

हेडसर धावत बाईंच्या मागे गेले. बाई तोवर नारळ घेऊन फाटकाशी पोचल्या होत्या. "बाई, अहो, शेवटच्या दिवशी हे उगाच कशाला केलंत?"

बाई थांबल्या, वळल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढ्या शांतपणे बोलताना ऐकलं नव्हतं.

"कारन आत जाऊन बसलं हाय सर. मोजून घ्या," त्या म्हणाल्या आणि फाटक लोटून निघून गेल्या.